शेवटच्या बारा महिन्यांचा पगार

आस्थापना विभागात, लेखाविभागात किंवा कामगार कायद्याचे सल्लागार म्हणून ज्यांची हयात गेली आहे, अशा आमच्या बहुतेक वाचकांना निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कोणा ना कोणा कर्मचाऱ्याने दबल्या आवाजात विचारलेला प्रश्न परिचित असेल : 'साहेब, नियमात बसवून काही करता येईल का?' विचारणारा बेकायदेशीर काही मागत नसतो, निदान तसे त्याला वाटत नसते. आणि ज्याला विचारले जाते त्याला नियमांतील फटी ठाऊक असतात, कारण त्या नियमांची अंमलबजावणी हीच त्याची उपजीविका असते. या प्रश्नाला कोणते उत्तर देणे उचित, याची चर्चा आपल्या व्यवसायात फारशी होत नाही. कायद्याने मना केले नाही ते करण्यास मुभा आहे, एवढ्यावर प्रकरण दप्तरदाखल होते. धाराशिव जिल्ह्यासारख्या भागात, जेथे संघटित रोजगार म्हणजे मुख्यतः साखर कारखाना, सूतगिरणी, सहकारी बँक किंवा एस.टी.चे आगार, तेथे हा प्रश्न तात्त्विक नाही.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आली. मालकाच्या अंशदानातून वेतनाच्या ८.३३ टक्के आणि केंद्र सरकारकडून १.१६ टक्के इतकी रक्कम निवृत्तिवेतन निधीत जमा होते. आणि निवृत्तीसमयी सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले की मासिक पेन्शन निघते. वेतनाची मर्यादा आरंभी ५,००० रुपये, २००१ पासून ६,५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० अशी वाढत गेली. परंतु मार्च १९९६ मध्ये परिच्छेद ११(३) ला जोडलेल्या परंतुकाने, मालक आणि कर्मचारी या दोघांनी संयुक्त विकल्प दिल्यास मर्यादेबाहेरील संपूर्ण वेतनावर अंशदान भरून त्याच प्रमाणात पेन्शन घेण्याची सवलत ठेवली होती. सरासरी काढावयाची ती निवृत्तीपूर्वीच्या केवळ १२ महिन्यांची. फट होती ती येथे.

उदाहरणादाखल, असा विकल्प दिलेला आणि ३० वर्षांची सेवा झालेला एखादा अधिकारी घ्या, ज्याचा पगार ४०,००० रुपये असताना शेवटच्या वर्षी पदोन्नतीच्या निमित्ताने तो ६०,००० करण्यात आला. वाढीव सेवेची वर्षे सोडून दिली तरी त्याची पेन्शन १७,१४३ ऐवजी २५,७१४ रुपये होते. या वाढीपोटी निधीत जास्तीचे जमा झाले ते वर्षभरात सुमारे २०,००० रुपये, आणि ते तिसऱ्या महिन्यातच वसूल होऊन पुढे आजन्म दरमहा साडेआठ हजार रुपये चालू राहतात. कागद पाहावा तर सर्व चोख : ठराव आहे, आदेश आहे, वेतनपत्रक आहे. २०१४ च्या दुरुस्तीने सरासरी ६० महिन्यांची केली, तेव्हा हीच युक्ती १,७१४ रुपयांवर आली. पगारवाढीमागचा हेतू सिद्ध करणे कठीण असते, म्हणून हेतूच्या मागे न लागता नियमानेच तिचा लाभ क्षीण केला, हे आम्हाला योग्यच वाटते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातही परगण्यांचे कर्मचारी साठवलेल्या रजेचे पैसे अखेरच्या वर्षात घेऊन पेन्शनचा आधार फुगवीत असत. तेथे २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला आणि २०२० मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

यात अनुचित काय, असे विचारणाऱ्यांनी निधीचे स्वरूप ध्यानात घ्यावे. भविष्य निर्वाह निधीत प्रत्येकाचे खाते निराळे असते. तेथून कोणी लवकर उचल केली तर तो आपल्याच म्हातारपणातून उसने घेतो. निवृत्तिवेतन निधीत तशी निराळी खाती नाहीत. ती देशभरातील कोट्यवधी सभासदांची एकच सामाईक थैली आहे, आणि तीतून कोणी आपल्या अंशदानाच्या मानाने अवाजवी उचलले तर त्याची भरपाई सरकार नव्हे, मालक नव्हे, तर दुसरा सभासद करतो. सामाईक विहिरीवर आपली पाळी संपल्यानंतरही मोटार चालू ठेवणाऱ्या भावाला खेड्यात जे म्हणतात तेच येथे म्हणावे लागेल, मग सातबाऱ्यावर त्याचा हिस्सा कितीही निर्विवाद असो.

तथापि पूर्ण वेतनावरील पेन्शनचा आग्रह धरणाऱ्या सर्वांना या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये आर. सी. गुप्ता प्रकरणात विकल्पाला अंतिम तारीख नाही असे ठरवल्यावर, निवृत्त होऊन काही वर्षे लोटलेले सभासदही फरकाची रक्कम सव्याज परत भरून पेन्शन वाढवून घेऊ लागले. कागदोपत्री ते आपलेच पैसे एका निधीतून दुसऱ्यात नेत होते. परंतु आपण किती वर्षे जगलो, अखेरचा पगार किती होता, हे सर्व ठाऊक झाल्यावर दिलेला विकल्प हा विम्याच्या तत्त्वाशी विसंगत असतो, कारण लाभ दिसणारेच पुढे येतात. पुढे सरन्यायाधीश उदय लळित यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी २०१४ ची दुरुस्ती बव्हंशी वैध ठरवली, १ सप्टेंबर २०१४ रोजी सेवेत असलेल्यांना विकल्पाची नवी संधी दिली आणि त्यापूर्वी विकल्प न देता निवृत्त झालेल्यांचा मार्ग बंद केला.

या निकालाविषयी आमची एक व्यथा आहे. विकल्प न देता निवृत्त झालेल्या सर्वांनी तो समजून उमजून नाकारला होता काय? १९९६ चे ते परंतुक किती आस्थापनांनी सूचनाफलकावर लावले, बॉयलरवर किंवा सेंट्रिफ्यूगलवर काम करणाऱ्या किती जणांना त्याचा अर्थ मराठीत समजावून सांगितला? ज्यांच्या टेबलावर परिपत्रक आले त्यांनी आपला अर्ज भरला आणि कागद फायलीत लावला, असे जेथे घडले असेल तेथील अपराध अर्ज भरण्याचा नाही. तो फक्त आपलाच भरण्याचा आहे. फटीचा लाभ घेणाऱ्याची नीती तपासताना आम्ही म्हणूनच प्रथम हे विचारू, की हाच लाभ तो शेजारच्या खात्यातील कामगाराला उघडपणे सांगू शकला असता काय. सांगता येण्याजोगा असेल तर तो हक्क आहे आणि सर्वांपर्यंत पोहोचवणे हे आपले कर्तव्य आहे. सर्वांनी घेतल्यास निधी कोसळेल म्हणूनच जो गुप्त ठेवावा लागतो, त्या लाभाला केवळ कायद्याच्या मौनाने पावित्र्य येत नाही.

कामगारांना नीतीचे पाठ देताना दुसरी बाजू विसरणे मात्र निर्दयपणाचे होईल. १ सप्टेंबर २०१४ पासून या योजनेतील किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये आहे. त्याच्या आदल्या वर्षी भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने किमान ३,००० ची शिफारस केली होती, आणि बुलढाण्याहून उभ्या राहिलेल्या पेन्शनधारकांच्या आंदोलनाची मागणी ७,५०० रुपयांची आहे. ढोकीचा तेरणा आणि नळदुर्गचा तुळजाभवानी हे कारखाने कित्येक हंगाम बंद राहिले. कारखाना बंद म्हणजे अंशदान बंद आणि सेवेची वर्षे खंडित, यात कामगाराचा दोष काय? कारखान्याने बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेवरही भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीचा बोजा अव्वल आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितले; तथापि हक्क अव्वल असणे आणि रक्कम हाती पडणे यांत मोठे अंतर असते. जेथे मालकाची कसूर सोसून घेतली जाते, तेथे कामगाराच्या चतुराईवरच तेवढी करडी नजर ठेवणे आम्हाला मान्य नाही.

हंगामी कामगारांच्या बाबतीत तर ही नजर विशेष सावधपणे वापरली पाहिजे. पात्र सेवा ठरवताना, हंगामी आस्थापनेतील कर्मचाऱ्याची वर्षातील प्रत्यक्ष सेवा वर्षाहून कमी असली तरी ती पूर्ण वर्ष धरावी, अशी योजनेत तरतूद आहे. गव्हाणीवर चार महिने उभ्या राहणाऱ्याला बारा महिन्यांची सेवा मिळते, याला काही लेखापरीक्षक पळवाट म्हणतात. आमच्या मते ती पळवाट नव्हे. गळीत हंगामाबाहेर कारखाना त्याला काम देऊच शकत नाही, हे ओळखून कायद्याने केलेली ती न्याय्य तजवीज आहे, आणि दहा वर्षांची पात्रता गाठण्यास तीच त्याचा एकमेव आधार असते. परंतु याच औदार्याचा आश्रय घेऊन कोणाचे नाव हंगामात चार दिवस हजेरीपटावर चढवून वर्ष पदरात पाडून घेतले, तर मात्र तो लाभ खोट्या दस्तऐवजावर उभा राहतो, आणि तेथे फट व अफरातफर यांतील अंतर संपते. त्या नोंदीवर सही करणारा टाइमकीपर आणि ती पाहूनही पुढे जाऊ देणारा कामगार अधिकारी दोघेही त्यात सामील होतात.

यावर उपाय म्हणून किमान दिवसांची अट घालावी, अशी सूचना कधीमधी ऐकू येते. ती आम्ही अमान्य करतो. अवर्षणाच्या सालात या जिल्ह्यात ऊसच नसतो. गाळप काही आठवड्यांत आटोपते, क्वचित धुराडी पेटतही नाहीत, आणि अशा वर्षी दिवसांची अट प्रामाणिक हंगामी कामगाराचेच वर्ष कापून नेईल. त्याऐवजी प्रत्येक हंगामाच्या अखेरीस कारखाना प्रत्यक्ष किती दिवस चालला आणि त्यांपैकी प्रत्येक हंगामी कामगार किती दिवस हजर होता, याचा एकत्रित तक्ता कामगार संघटनेच्या प्रतिनिधीच्या सहीने सूचनाफलकावर लागावा, त्याची रुजवात हजेरीपटाशी लेखापरीक्षकाने करावी, आणि अखेरच्या पाच वर्षांतील असाधारण वेतनवाढींचा गोषवाराही त्याच तक्त्यास जोडावा. यासाठी ना कायद्यात फेरफार लागतो ना सरकारी हुकूम. येत्या हंगामापासून कोणत्याही कारखान्याचे टाइम ऑफिस तो तयार करू शकते.