झिलईला गुण की अस्सलपणाला?

दुर्मीळ मोटारींच्या प्रदर्शनांचा मोसम आला, की वृत्तपत्रांच्या पानांवर एक छायाचित्र हमखास झळकते. आरशासारखी चकाकणारी रोल्स-रॉइस किंवा बेंटले, शेजारी कडक इस्त्रीच्या पोशाखातला मालक आणि त्याच्या हातात करंडक. छायाचित्राखालच्या ओळीत मोटारीचे नाव असते, सालही असते. शेजारी उभ्या असलेल्या तितक्याच देखण्या दहा मोटारी मागे का पडल्या आणि हीच पहिली का आली, याचा मात्र पत्ता नसतो.

हा प्रश्न वरकरणी श्रीमंतांच्या छंदापुरता वाटतो. पण तो आता तेवढाच राहिलेला नाही. १९५५ मधील एका मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर कूपेला २०२२ मध्ये लिलावात साडेतेरा कोटी युरो मिळाले. बाजार या थराला गेल्यावर मान्यवर प्रदर्शनातील निकाल हा मोटारीच्या अस्सलपणाचा दाखलाच ठरू लागतो. दुसरीकडे, भारतात २०२१ पासून ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम लागू झाले असून, त्यांचा सारा डोलारा ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांवर उभा आहे. ‘मूळ’ म्हणजे नेमके काय, हे पारखण्याचा अनुभव मात्र सरकारी कार्यालयांपेक्षा मोटारमालकांच्या क्लबांकडे आणि त्यांच्या परीक्षकांकडे अधिक आहे. म्हणूनच हे परीक्षक गुण कशाला देतात, हे पाहणे अगत्याचे ठरते.

शंभरातून वजाबाकी

परीक्षणाची सर्वांत रूढ पद्धत वजाबाकीची आहे. मोटार मैदानात उभी राहते तेव्हा तिच्या नावावर पूर्ण गुण असतात. अनेक क्लबांत ते शंभर असतात, तर ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ ही जुनी संस्था चारशे गुणांचे पत्रक वापरते. त्यानंतर दोषागणिक गुण कापले जातात. परीक्षकांचा गट बाह्यांग, अंतर्भाग, इंजिन, खालचा सांगाडा आणि डिकीतील हत्यारांचा संच असे टप्पे पाडून तपासणी करतो. मालकाने इंजिन सुरू करून दाखवायचे असते. दिवे लागतात का, भोंगा वाजतो का, वायपर फिरतात का, हेही पाहिले जाते. मोटारीचा इतिहास सांगण्यासाठी मालकाला मोजकी मिनिटे मिळतात.

खरी कसोटी बारीक तपशिलांत लागते. १९२४ च्या मोटारीच्या दिव्यांवर क्रोमचा मुलामा दिसला, तर जाणकाराच्या कपाळाला आठी पडते. कारण त्या काळी निकेलचा मुलामा वापरला जाई आणि क्रोमचा प्रसार त्या दशकाच्या अखेरीस झाला. युद्धपूर्व गाडीला रेडियल टायर, ब्रिटिश इंजिनावर मेट्रिक मापाचा बोल्ट, कापडी वेष्टणाच्या वायरीऐवजी प्लास्टिकची वायर, अशा गोष्टी सामान्य प्रेक्षकाच्या नजरेत येत नाहीत. परीक्षकाच्या मात्र लगेच येतात.

रोल्स-रॉइसच्या बाबतीत हे काम अधिकच जिकिरीचे असते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही कंपनी इंजिनासह केवळ चॅसिस विकत असे. त्यावरची बॉडी बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबरली अशा कारागीर कंपन्या ग्राहकाच्या फर्माईशीप्रमाणे बांधून देत. कारखान्यात तयार झालेली बॉडी घेऊन आलेली पहिली रोल्स-रॉइस ही १९४९ मधील ‘सिल्व्हर डॉन’. साहजिकच, त्यापूर्वीच्या दोन गाड्या एकसारख्या असतीलच असे नाही आणि ‘ही अशीच होती’ हे ठरविण्यासाठी कागदाचा आधार लागतो. ब्रिटनमधील ‘रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लब’ने नॉर्दम्प्टनशायरमधील आपल्या हंट हाउस या मुख्यालयात चॅसिस क्रमांकानिहाय बांधणीच्या नोंदी जपल्या आहेत. परीक्षणातील अनेक वाद अशा नोंदींमुळेच मिटतात.

याउलट, ‘फ्रेंच पद्धत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परीक्षणात दोषांची मोजदाद गौण असते. तेथे रेषा, प्रमाण आणि डौल यांनाच महत्त्व. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या ‘काँकूर’मध्ये दोन्हींचा मेळ घातला जातो. काही परीक्षक अस्सलपणा तपासतात, तर काही केवळ सौंदर्य पाहतात.

नव्याहून नवी

वजाबाकीच्या पद्धतीचा एक दोष मात्र लवकरच उघड झाला. आसनाच्या चामड्याला तडा गेला, गुण कापले. रंगाचा पोपडा निघाला, गुण कापले. साहजिकच मालकांनी तडे गेलेले चामडे फेकून दिले, रंग खरवडून काढला आणि कारखान्यातून निघतानाही नव्हती इतकी तकाकी गाडीला आणली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेत, या स्पर्धेने कळस गाठला. ज्या मोटारीला मूळ रंगाचे हाताने दिलेले थर होते, तिच्यावर आधुनिक रसायनांची काचेसारखी झिलई चढली. करंडक मिळाला, पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या रंगाऱ्याच्या हाताचा पुरावा कायमचा पुसला गेला.

महाराष्ट्रातील वाचकाला हा पेच अनोळखी नाही. किल्ल्याचा ढासळता तट चुन्याऐवजी सिमेंटने बांधून काढला, की तो भक्कम दिसतो. परंतु इतिहासाचे अभ्यासक हळहळतात. मोटारींच्या क्षेत्रात ही हळहळ लेखी तत्त्वांत उतरायला २०१२ साल उजाडावे लागले. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिवा’ने, त्या वर्षी ‘तुरीन सनद’ स्वीकारली. वास्तुवारशाच्या जतनात रुळलेला विचार या सनदेने वाहनांना लागू केला. त्याचे सार असे, की आधी जपा, मग डागडुजी करा आणि दुसरा इलाजच उरला नाही तर जीर्णोद्धार करा. शिवाय जे कराल त्याची नोंद ठेवा.

अनेक प्रदर्शनांत आता ‘जतन’ असा स्वतंत्र वर्ग असतो. तेथे विटलेला रंग हा दोष ठरत नाही, उलट तो साक्षीदार मानला जातो. या बदलावर पेबल बीचने २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्या वर्षीचा सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ या जीर्णोद्धार न केलेल्या मोटारीला मिळाला. जतन वर्गातील मोटारीने तेथे अव्वल येण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी मात्र हा मान काटेकोर जीर्णोद्धार झालेल्या १९२४ च्या हिस्पानो-सुइझा ‘ट्युलिपवूड’कडे गेला. हजारो पितळी रिव्हेटांनी जोडलेल्या लाकडी पट्ट्यांची तिची बॉडी एका विमान कंपनीने घडविली होती. याचा अर्थ झिलईचे दिवस संपले असा नव्हे. मात्र झिलई हीच एकमेव कसोटी उरलेली नाही, हे निश्चित.

न्यायालयात गेलेली बेंटले

अस्सलपणा तरी मोजायचा कसा? या प्रश्नावर एकदा थेट न्यायालयालाच परीक्षक व्हावे लागले. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंटले स्पीड सिक्सने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसविण्यात आले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला, चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला आणि मोडलेली गाडी नव्या रूपात पुन्हा उभी करण्यात आली. कित्येक दशकांनी तिचा सुमारे एक कोटी पौंडांचा सौदा ठरला. मात्र ‘ही ती गाडीच नव्हे’ असा आक्षेप घेत खरेदीदाराने माघार घेतली आणि प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले.

१९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी दिलेला निकाल आजही परीक्षकांमध्ये चर्चिला जातो. १९२९ च्या विजेत्या मोटारीचे फारच थोडे सुटे भाग तिच्यात शिल्लक होते. त्यामुळे तिला ‘मूळ’ म्हणता येणार नाही, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु तिचे अस्तित्व कधी खंडित झाले नाही, प्रत्येक बदल तिच्याच आयुष्याचा भाग होता आणि त्या नावावर दावा सांगणारी दुसरी मोटारही नव्हती. म्हणून ती ‘अस्सल’ आहे, असा निर्वाळा देण्यात आला. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ या दोन शब्दांतील हे अंतर लहान दिसते. पण परीक्षणाचे सारे शास्त्र त्यातच सामावले आहे.

पेबल बीचची विजेती बुगाटीही हेच सांगते. आरंभी ती शर्यतीची गाडी होती. पुढे कारखान्यानेच तिचा सुपरचार्जर काढून तिला रस्त्यावर चालण्याजोगे रूप दिले आणि बेल्जियमचा राजा लिओपोल्ड तिसरा याने ती घेतल्यावर तिच्यावर काळा रंग व पिवळा पट्टा आला. परीक्षकांनी हे बदल पुसण्याची अपेक्षा धरली नाही, कारण ते तिच्या काळातलेच होते.

भारतातला पेच

भारतात जुन्या मोटारींची परंपरा मोठी आहे. संस्थानिकांच्या काळात शेकडो आलिशान गाड्या येथे उतरल्या. त्यांपैकी काहींना पेबल बीचने २०१२ आणि २०१८ मध्ये खास स्थान दिले होते. दिल्लीतील ‘स्टेट्समन’ची रॅली १९६४ पासूनची. आंतरराष्ट्रीय परीक्षक आणून भरविलेला ‘कार्टिए’चा काँकूर मुंबईने २००८ मध्ये पाहिला आणि जानेवारी २०२३ मध्ये ‘ट्वेंटीवन गन सॅल्यूट’चे प्रदर्शन बडोद्यात गायकवाडांच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात भरले.

तथापि, येथील गाड्यांचे प्राक्तन वेगळे होते. संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखेही गेले. आयातीवर कडक निर्बंध असल्याने सुटे भाग मिळेनात. पेट्रोल महागले तेव्हा अनेक भारदस्त गाड्यांची तहानलेली इंजिने काढून त्यांच्या जागी डिझेलची साधी इंजिने बसविली गेली. मिळत नसलेला भाग गल्लीतल्या मिस्त्रीने लेथवर घडविला. या तडजोडींमुळेच कित्येक मोटारी भंगारात जाण्यापासून वाचल्या. अशा मोटारीला परीक्षकाने ‘बिघडवलेली’ म्हणायचे, की ‘तगून राहिलेली’?

येथेच २०२१ च्या नियमांचा संबंध येतो. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी म्हणजे ‘व्हिंटेज’ वाहन, अशी केंद्राची व्याख्या आहे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनातील बदल हा मोठा फेरफार मानला जातो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि फेरनोंदणीला पाच हजार रुपये शुल्क आहे. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, तर आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापराला मात्र मनाई आहे. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण त्याच वर्षी आले असल्याने, मालकांना या स्वतंत्र ओळखीचा दिलासा वाटला, हे खरेच.

पण ही व्याख्या शब्दशः लावली, तर इंजिन बदललेली ‘ओल्ड नंबर वन’ बेंटले त्यात बसणार नाही आणि बुगाटीही अडखळेल. दुसऱ्या टोकाला, जुना क्रमांक कोरलेल्या पत्र्याभोवती गेल्या वर्षी उभारलेली चकचकीत गाडी, पुरेसे कागद असतील तर, सहज खपून जाईल. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ यांतला फरक नियमांत नाही. तो कळण्यासाठी लागते ती जाणकाराची नजर आणि विश्वासार्ह नोंदवही.

परीक्षकांचीही परीक्षा

हे काम क्लब करू शकतात. मात्र त्यासाठी त्यांना आधी स्वतःचे घर सावरावे लागेल. जुन्या मोटारींचे वर्तुळ मुळातच लहान आहे. आजचा परीक्षक उद्याचा स्पर्धक असतो, कधी विक्रेता असतो, तर कधी मैदानातल्याच एखाद्या गाडीचा सल्लागार. हितसंबंध असलेल्या गाडीच्या परीक्षणातून बाजूला होण्याचा संकेत लेखी असायला हवा. गुणपत्रक मालकाच्या हाती पडायला हवे आणि गुण कोठे व का गेले, हे त्यात दिसायला हवे. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम’ या एका ओळीवर बोळवण झाली, तर मालकही शिकत नाही आणि प्रेक्षकही.

दुसरी गरज आहे ती जतन वर्गाला मानाचे स्थान देण्याची. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावांतील वाड्यांच्या पडव्यांत, ताडपत्रीखाली अजूनही अशा गाड्या असतील, ज्यांना कोणी हात लावलेला नाही. त्या मैदानात आल्या तर हसे होईल, या धास्तीने मालक आधी डेंटिंग-पेंटिंगचे दुकान गाठतो आणि जे अमोल होते तेच घालवून बसतो. एखाद्या विटक्या रंगाच्या गाडीला बक्षीस मिळाले, तर पुढची दहा वाचतील. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नोंदींची. कोणत्या गाडीचे इंजिन केव्हा बदलले, बॉडी कोठे दुरुस्त झाली, कोणत्या मिस्त्रीने कोणता भाग घडविला, हे जुन्या चालकांकडून आणि कारागिरांकडून आजच लिहून घेतले नाही, तर उद्या विचारायला कोणी उरणार नाही.

करंडक देणे सोपे आहे. पण परीक्षकाची पेन्सिल जेथे टेकते, तेथेच पुढच्या मालकाचा पैसा आणि मिस्त्रीचे हत्यार वळते. झिलईला गुण मिळाले, तर झिलईच वाढेल. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ यांतले अंतर क्लबांनी आधी ओळखले, तरच आरटीओच्या खिडकीपर्यंत ते कधीतरी पोहोचेल.