पन्नाशीनंतरची पेटी

वयाच्या ५२व्या वर्षी मला पियानो शिकायची हौस आली. आमच्या कोल्हापुरात या वयाचा गृहस्थ सकाळी रंकाळ्यावर फिरतो, फार तर भजनात टाळ कुटतो. पण हौस ती हौस! चौकशी केली. पियानोच्या पट्ट्या ८८, आत दोनशेंवर तारा, त्या सुरात लावायला खास माणूस बोलवायचा. आणि आमचे घर दोन खोल्यांचे. पियानो आत आला असता तर सौभाग्यवतींना बाहेर राहावे लागले असते. तेव्हा पियानोची गरीब नातलग जी पेटी, तीच शिकायचे ठरले. तिथे डावा हात नुसता भाता हलवतो, म्हणजे मेहनतही निम्मी!

पेटीनेही पुष्कळ सोसले आहे. तिचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी केली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. आक्षेप खोटा नव्हता. पण याच पेटीवर आमच्या गोविंदराव टेंब्यांनी नाव कमावले आणि १९११ साली ‘मानापमान’ला चाली दिल्या. पेटी ते बव्हंशी आपली आपणच शिकले. चांगले गाणे कानावर पडले ते इथल्या देवल क्लबात, १८८३ साली निघालेल्या. कान आधी, हात मागून. हा क्रम मला भलताच सोयीचा वाटला, कारण ऐकण्याचे काम मी चाळीस वर्षे करीत आलो आहे.

पहिल्या शिकवणीत मला आठ-नऊ वर्षांच्या पोरांत बसवले. आठवड्याला दोन तास, आणि फी त्या हिशेबाने. धाकटीच्या क्लासचे पैसे थकलेले असताना बापाने आपल्या पेटीसाठी पैसे मागायचे म्हणजे जिभेला गाठ पडते. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “अहो, विचारून तर बघा, कमी होतात का.”

मग एका वृद्ध बुवांना गाठून सरळ म्हटले, “बुवा, भूप कुठला आणि देसकार कुठला हे मला कळते. बोटे तेवढी वळत नाहीत. महिन्यातून दोनदाच येईन, घरी रोज पाऊण तास घासेन. निम्म्या पैशांत जमेल?”

बुवांनी पानाला चुना लावता लावता विचारले, “अलंकार घासाल? की आठ दिवसांत नाट्यगीत मागाल?”

“अलंकारच.”

“मग या.”

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याने हाच सौदा करावा. लहान मुलांना गुरुजींसमोर बसवून घोटून घ्यावे लागते. आपण ते घरी करू शकतो, मग त्याचे पैसे का मोजा? पेटीही जुनीच पाहावी. बुवांची परीक्षा अशी: भाता भरायचा आणि एकही पट्टी न दाबता थांबायचे. वारा पटकन गेला तर भाता गळका. कुठला सूर आपणहून बोलू लागला तर तिथली पट्टी नीट बसत नाही. मग एकेक पट्टी दाबून प्रत्येक सूर ऐकायचा. वरच्या नक्षीकडे बघायचेच नाही.

चार महिने झाले. अनामिका अजून रुसते. गाडी सध्या भूपावर आहे. दिवाळीनंतर बुवा दुर्गा देणार आहेत.