लेकीचा व्हिसा आणि कागदांचे रुखवत

अमेरिकेतल्या मुलाशी लेकीचे लग्न ठरले की घरात धांदल उडते ती शालूची, केळवणांची आणि रुखवताची. लग्न थाटात पार पडते, रजा संपली म्हणून जावई परत जातात आणि लेक मागे राहते. मग सुरू होते वाट पाहणे. "अजून गेली नाही का हो?" असे भेटेल तो विचारतो. लेक काही बोलत नाही, पण तिचा चेहरा उतरतो, आणि आईच्या घशाखाली घास उतरत नाही.

मैत्रिणींनो, ही वाट काही प्रमाणात सरकारी कामकाजाची असते, तिला आपला इलाज नाही. पण पुष्कळ वेळा ती लांबते ती आपल्याच घरातल्या कागदांमुळे. कुठे नावात एक अक्षर वेगळे, कुठे जन्मतारीख वेगळी, कुठे लग्नाची नोंदच केलेली नाही! म्हणून या आठवड्यात आपण लेकीच्या मुलाखतीची फाईल कशी तयार करायची ते पाहू. दिवाळीच्या फराळासारखे हे काम आहे. आयत्या वेळी करायला घेतले तर काहीतरी बिघडणारच.

आधी व्हिसा कुठला ते समजून घ्या

जावई अमेरिकेचे नागरिक असतील तर पत्नीच्या व्हिसावर दरवर्षीच्या संख्येची मर्यादा नसते. त्यांच्याजवळ फक्त ग्रीन कार्ड असेल तर मर्यादा असते, आणि रांगेत थांबावे लागते. ते नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असतील तर पत्नीला एच-४ मिळतो. तो कायम वास्तव्याचा व्हिसा नव्हे, त्याची रीत निराळी. आज आपण बोलतो आहोत ते पहिल्या दोन प्रकारांविषयी. लग्न ठरवतानाच "तुमचा तिथला दर्जा कोणता?" हे स्पष्ट विचारावे. पगार विचारायला आपण लाजत नाही, मग हे विचारायला कसली लाज?

कामाचा क्रम साधारण असा. पती तिकडे आय-१३० हा अर्ज भरतो. तो मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे फी भरायची, लेकीने डीएस-२६० हा अर्ज भरायचा, पतीने आय-८६४ हे खर्चाच्या जबाबदारीचे हमीपत्र द्यायचे आणि कागदांच्या प्रती पाठवायच्या. सगळे पुरे झाले आणि रांगेतला नंबर आला की मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळते. हे सारे अर्ज कोरे फुकट मिळतात. "माझी आतपर्यंत ओळख आहे" असे सांगून पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

लग्नाची नोंद जावई जाण्यापूर्वी

ही गोष्ट अगदी गाठ मारून ठेवा. लग्नपत्रिका आणि कार्यालयाची पावती म्हणजे विवाहाचा दाखला नव्हे. महाराष्ट्रात विवाह नोंदणीसाठी १९९८ चा कायदा आहे. नगरपालिकेत, महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत नोंद करता येते. तीन साक्षीदार लागतात, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते, आणि नवरा-नवरीने स्वतः हजर राहावे लागते. जावई परत गेले की पुढची रजा कधी मिळेल कोण जाणे! म्हणून सत्यनारायणाची पूजा एक दिवस पुढे गेली तरी चालेल, नोंदणी आधी उरकावी. गुरुजींची सही तर मांडवातच घेऊन ठेवावी.

दोघांपैकी कोणाचे आधी लग्न झालेले असेल तर त्याच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची किंवा पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत लागते. हा कागद मुलीकडच्यांनी लग्नापूर्वीच पाहावा. "ते सगळं मिटलंय" या तोंडी शब्दावर विसंबू नये. पहिला विवाह कायद्याने संपलेला नसेल तर दुसरा उभाच राहत नाही, आणि मग भोगावे लागते ते आपल्या लेकीला.

नाव, जन्मतारीख आणि गुरुजींची १ जून

आपल्याकडे एका मुलीची नावे किती! जन्मदाखल्यावर एक, शाळेत एक, घरात हाक मारायचे तिसरे, आणि सासरी तांदळात अंगठीने लिहिलेले चौथे. मधल्या नावाच्या जागी आधी वडील, मग नवरा. आडनावही बदलते. आपल्याला यात वावगे वाटत नाही, पण खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यापुढे या चार मुलींची एक मुलगी कागदावर सिद्ध करावी लागते.

म्हणून सर्व कागद जेवणाच्या टेबलावर एका ओळीत मांडा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, विवाहाचा दाखला, आधार कार्ड. प्रत्येकावरचे नाव अक्षर-अक्षर वाचून वहीत उतरवा. फरक दिसला तर मूळ कागदात दुरुस्ती होते का ते आधी पाहा. जिथे होत नाही तिथे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून घ्या.

लग्नानंतर पासपोर्टावरचे नाव बदललेच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही. बदलायचे की नाही हे लेकीने ठरवावे, सासूबाईंनी नव्हे आणि तुम्हीही नव्हे. फक्त एक करावे. जे ठरेल ते अर्ज भरण्यापूर्वी ठरावे, आणि पुढे सगळीकडे तेच नाव लिहावे.

जन्मदाखल्यात दोन अडचणी नेहमी निघतात. एक म्हणजे त्यावर बाळाचे नावच नसते, नुसते "मुलगी" आणि आईवडिलांची नावे. अशा वेळी जिथे जन्म झाला तिथल्या नगरपालिकेत जाऊन नाव घालून घ्यावे. दुसरी अडचण म्हणजे नोंदच सापडत नाही. तेव्हा "नोंद उपलब्ध नाही" असे पत्र त्याच कार्यालयाकडून घ्यावे. त्याला शाळेचा दाखला आणि आईवडिलांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत.

आणि ती १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली ही तारीख अनेकींच्या मागे जन्मभर लागते. जन्मदाखला एक सांगतो आणि पासपोर्ट शाळेच्या दाखल्याप्रमाणे दुसरेच. हा घोळ मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात सुटत नाही. तो पासपोर्ट कार्यालयात आधीच सोडवावा.

एखादा कागद फक्त मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतर करणाऱ्याने "मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर बरोबर आहे" असे लिहून खाली सही करायची असते. पोलिसांचा दाखला आपल्याकडे पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. लेक आधी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसऱ्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिली असेल तर तिथलाही दाखला लागू शकतो.

संसार खरा आहे, याचा पुरावा

अधिकाऱ्याला मुख्य प्रश्न पडतो तो हा, की हे लग्न खरे आहे, की केवळ व्हिसासाठी केलेले? ठरवून केलेल्या लग्नात नवरा-बायको पंधरा दिवसच एकत्र राहिलेली असतात. त्यात लपवण्यासारखे काही नाही. पत्रिका कोणी जमवली, मुलगा पाहायला कधी आला, साखरपुडा कुठे झाला, हे जसे घडले तसे सांगावे.

फोटो निवडताना नुसता जोडीचा स्टुडिओतला फोटो ठेवू नका. दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा-मावशा दिसतील असे ठेवा. साखरपुडा, हळद, लग्न, गृहप्रवेश असे वीस-पंचवीस पुरेत. मागे तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते पेन्सिलीने लिहा. त्याबरोबर जावयांच्या प्रवासाची तिकिटे, पासपोर्टावरचे शिक्के, फोन आणि संदेशांच्या काही नोंदी, पैसे पाठवल्याच्या पावत्या, एकत्र खाते असल्यास त्याचा उतारा, विम्यात पत्नीचे नाव वारस म्हणून लावले असल्यास तो कागद. सगळे आणायचे, पण खाजगी बोलण्याचे गठ्ठे न्यायची गरज नाही. दर महिन्याचा एखादा नमुना पुरे.

एक मात्र करू नका. नसलेला पुरावा तयार करू नका. साडी बदलून एकाच दिवशी पाच सहलींचे फोटो काढायचे सल्ले कोणी देतील. अधिकाऱ्यापुढे शपथेवर खोटे बोलणे किंवा बनावट कागद देणे इतके महाग पडते, की तो दरवाजा जन्मभरासाठी बंद होऊ शकतो. थोडे पण खरे, हेच बरे.

जावयांकडचे कागद

आय-८६४ हा कागद लेकीने स्वतः वाचावा. त्यात पतीचे उत्पन्न तिथल्या सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के असावे लागते. सोबत प्राप्तिकराचे विवरण आणि नोकरीचे कागद हवेत. उत्पन्न कमी पडत असेल तर दुसरा एखादा हमीदार चालतो. विशेष म्हणजे ही हमी घटस्फोटाने संपत नाही. पत्नी नागरिक होईपर्यंत किंवा कायद्याने सांगितलेला कामाचा काळ पुरा होईपर्यंत ती चालू राहते. पती देतो ते उपकाराचे पत्र नाही, कायद्याचे बंधन आहे. हे आपल्या लेकीला ठाऊक असायलाच हवे.

वैद्यकीय तपासणी आणि मुलाखतीचा दिवस

तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. आपल्या घरच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. लहानपणापासूनच्या लसींची नोंद असेल तर बरोबर न्यावी. बंद पाकीट हातात दिले तर ते उत्सुकतेने फोडू नये! फोटो दोन इंच बाय दोन इंचाचे, चष्मा काढून.

मुंबईची वकिलात २०११ साली ब्रीच कँडीहून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. जुन्या आठवणीने रिक्षा-टॅक्सीला भलताच पत्ता सांगू नका. मोबाइल आणि मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत, तेव्हा त्या सांभाळायला बरोबर कोणीतरी असावे. आत मात्र लेकीलाच जायचे असते, आईने बाहेर थांबायचे. म्हणून फाईल तिनेच लावलेली बरी. कुठला कागद कुठे आहे हे तिला न शोधता सापडले पाहिजे. मूळ कागद एका बाजूला, त्यांच्या प्रती दुसऱ्या बाजूला, आणि वर यादी.

उजवा हात वर करून खरे बोलण्याची शपथ घ्यावी लागते. मग प्रश्न. नवरा काय काम करतो, कुठे राहतो, घरी कोण कोण आहे, लग्न कसे ठरले. उत्तरे पाठ करू नयेत. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणावे. इंग्रजी जड जात असेल तर सुरुवातीलाच तसे सांगून मराठीत किंवा हिंदीत बोलू देण्याची विनंती करावी. त्यात कमीपणा नाही.

एखादा कागद कमी पडला तर २२१(जी) असे लिहिलेली चिठ्ठी हातात मिळते. ती पाहून रडू कोसळते, पण मैत्रिणींनो, प्रकरण तिथे मिटले असा तिचा अर्थ नाही. मागितलेला कागद देण्यासाठी एक वर्षाची मुदत असते.

आणि हे लेकीच्या पदरात बांधा

अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षे पुरी झाली नसतील तर मिळणारे कार्ड दोनच वर्षांचे, सशर्त असते. ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करायचा असतो. ही तारीख नवऱ्याच्या लक्षात राहील असे न म्हणता लेकीने स्वतःच्या डायरीत लिहावी. देव न करो, पण संसार मोडला किंवा घरात मारहाण झाली, तर तिला एकटीलाही अर्ज करता येतो. छळ सोसणाऱ्या पत्नीला नवऱ्याच्या मदतीशिवाय स्वतः अर्ज करण्याची वाट १९९४ च्या कायद्याने तिथे दिली आहे. "तुझा व्हिसा माझ्या हातात आहे" अशी धमकी कोणी दिली तर ती पूर्ण खरी नाही, एवढे तिला माहीत असू द्या. मुलाखतीच्या वेळी या हक्कांची पत्रिका दिली जाते. ती पर्समध्ये चुरगळून न टाकता वाचावी.

मूळ जन्मदाखला, विवाहाचा दाखला, पदवीची प्रमाणपत्रे आणि पासपोर्ट लेकीने स्वतःच्या ताब्यात ठेवावेत. सासरच्या कपाटात "नीट राहतील" म्हणून देऊ नयेत. त्यांच्या प्रतींचा एक संच तुमच्याकडे, माहेरच्या कपाटात ठेवा.

थोडक्यात यादी

१. विवाहाची नोंद : जावई जाण्यापूर्वी.
२. सर्व कागदांवर एकच नाव, एकच जन्मतारीख.
३. जन्मदाखला, पोलिसांचा दाखला, आधीच्या विवाहाचे हुकूमनामे.
४. मराठी कागदांची सहीनिशी भाषांतरे.
५. फोटो, तिकिटे, पावत्या : खरे तेवढेच.
६. आय-८६४ आणि कराचे कागद : लेकीने वाचलेले.
७. नेमलेल्या डॉक्टरांची तपासणी.
८. नियम बदलत असतात, म्हणून वकिलातीच्या ताज्या सूचना मुलाखतीपूर्वी पुन्हा एकदा वाचाव्यात.

रुखवतात आपण लेकीला लाडू, चिवडा आणि भरतकामाच्या चादरी देतो. त्यातले बरेचसे महिन्याभरात संपते. ही फाईल मात्र परक्या देशात तिच्या पाठीशी उभी राहते. तेवढी तिच्याबरोबर बसून, तिच्याच हाताने लावून घ्या.