भरल्या गाडीची पारख

दिल्लीत हिंदूराव हे नाव घेतले की आज लोकांना इस्पितळ आठवते. मराठी वाचकांना मात्र हे ठाऊक असावे की, हे कागलकर घाटगे घराण्यातील एका सरदाराचे नाव आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे ते बंधू. इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर याने टेकडीवर बांधलेला बंगला, १८३५ साली त्याचा खून झाल्यानंतर, या हिंदुरावांकडे आला. पुढे १८५७ च्या वेढ्यात त्याच बंगल्याभोवती मोठी झुंज झाली. या महिन्यात आपल्याला त्या टेकडीवर जावयाचे आहे ते मात्र इतिहासासाठी नव्हे, तिच्या चढासाठी.

टेकडीच्या खाली आझाद मार्केट आहे. तेथे ताडपत्रीचा व्यापार करणारे आमचे एक सांगलीकडील शेजारी आहेत. सारी वसाहत त्यांना अण्णा म्हणते. आजवर ते माल भाड्याच्या टेम्पोने पाठवीत. यंदा घरची पिकअप घ्यावी असे त्यांनी ठरविले आणि तीही पेट्रोलची. डिझेलविषयी त्यांचे मन धास्तावले आहे. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना दिल्लीत मज्जाव करावा असा हुकूम २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला व पेट्रोल गाड्यांची मर्यादा पंधरा वर्षे राहिली. २०२५ मध्ये न्यायालयानेच या बंधनाची धार बरीच बोथट केली; तथापि ज्याला कर्जाचे हप्ते फेडावयाचे आहेत, तो माणूस पाच वर्षांचा फरक सहजी विसरत नाही.

विक्रेत्याचा माणूस एक टन भाराची गाडी घेऊन आला. रिकाम्या गाडीतून सपाट रस्त्यावर त्याने अण्णांना एक चक्कर मारून आणली. अण्णा परतले ते हसतमुख. “भाऊसाहेब, गाडी अगदी मोटारीसारखी पळते,” असे ते मला म्हणाले. तेव्हा आतून वहिनींचा आवाज आला, “आपण मोटार घेतोय की मालाची गाडी?”

वाचकहो, सारी पारख या एका प्रश्नात आली. मालाची गाडी रिकामी चालवून पाहणे म्हणजे बैल दावणीला पाहून विकत घेण्यासारखे आहे. किंबहुना रिकामी पिकअप तिच्या मालकाला उलट फसविते. इंजिन हलके वाटते खरे, परंतु मागचे पाटे भारासाठी बनविलेले असल्यामुळे ती खड्ड्यांवर उडते, आणि जोराने ब्रेक दाबला तर मागची चाके घसरू पाहतात. म्हणजे गुणही खोटे आणि दोषही खोटे.

यंत्रांच्या काही माहितीपुस्तकांचे मी भाषांतर केले आहे, एवढ्या भांडवलावर अण्णांनी मला बरोबर घेतले. दिवसा गर्दीच्या वेळी मालगाड्यांना दिल्लीतील पुष्कळ रस्ते बंद असतात, म्हणून आम्ही रविवारी पहाटे निघालो. प्रथम वजनकाटा, इकडे त्याला धर्मकांटा म्हणतात. गाडी रिकामी तोलली, हौद्यात ताडपत्रीचे गठ्ठे भरले, पुन्हा तोलली. दोन वजनांतील फरक हाच खरा भार. अंदाजाने भरलेला टन हा बहुधा टन नसतो. गठ्ठे मागच्या चाकांच्या पुढे येतील असे रचविले; सगळा भार फाळक्याकडे गेला तर पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू हाती नीट लागत नाही.

चालवावयास अण्णांचा नेहमीचा चालक बसविला. विक्रेत्याच्या माणसाचे कसब आपल्याबरोबर घरी येत नाही.

मलकागंजकडून हिंदूरावाकडे चढू लागलो आणि चढाच्या मध्यावर इंजिनाने दम टाकला. अंगातून ठोके ऐकू येऊ लागले. अण्णांचा चेहरा उतरला. येथे मला थोडे बोलावे लागले. डिझेल इंजिनाची ओढ कमी फेऱ्यांतच भरात येते. पेट्रोल इंजिन सामान्यतः अधिक फेऱ्या मागते. चालकाचा हात डिझेलच्या टेम्पोवर बसलेला, म्हणून त्याने सवयीने लवकर तिसरा गिअर टाकला होता. खाली परतून तोच चढ दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन मोकळे फिरवीत घेतला, तेव्हा गाडी कुरकुर न करता वर गेली. पहिला दोष यंत्राचा नव्हता. माहितीपत्रकातील अश्वशक्तीचा आकडा पाहून हे कळले नसते. ओढीचा आकडा कोणत्या फेऱ्यांवर दिला आहे हे त्याच पत्रकात छापलेले असते, पण ती ओळ कोणी वाचीत नाही.

दुसरा दोष मात्र गाडीचाच निघाला. चढावर मधोमध थांबून हँडब्रेक ओढला, तर गाडी वीतभर मागे सरली. पुन्हा उचलताना क्लच अर्धवट दाबून धरावा लागला आणि दुसऱ्या खेपेस जळका वास आला. रस्त्याच्या कडेला एक फळवाला आपली हातगाडी घेऊन उभा होता. वहिनी त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, “अहो, ही वीत त्याच्या अंगावर गेली असती.” विक्रेत्याचा माणूस यावर काही बोलला नाही.

उतारावर गाडी बरी वागली. दुसऱ्याच गिअरमध्ये ठेवली असता इंजिनच तिला मागे धरून राहते. पेट्रोल इंजिनाचा हा एक गुण आहे. तेल वाचविण्यासाठी उतारावर गिअर काढून घेणारे चालक हा गुण आणि ब्रेक दोन्ही वाया घालवितात. सपाट रस्त्यावर ब्रेक पाहिले, आधी वीसच्या वेगाने, मग चाळीसच्या. वेग दुप्पट झाला की, ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते हे शाळेत शिकलेले असले, तरी टनभर ताडपत्री पाठीशी घेऊन ते पाहणे वेगळे.

वर इस्पितळाजवळ इंजिन निवविण्यासाठी थांबलो. तेथे अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. फिरोजशहा तुघलकाने तो चौदाव्या शतकात मेरठहून आणविला. पुढे तो फुटला व १८६७ साली तुकडे जोडून पुन्हा उभारला गेला. त्याच सुलतानाने टोपऱ्याहून आणविलेला दुसरा स्तंभ यमुनेपर्यंत नेण्यास बेचाळीस चाकांचा गाडा लागल्याचे इतिहासकार अफीफ याने लिहून ठेवले आहे. अण्णांचा चालक हे ऐकून म्हणाला, “त्यांचा हँडब्रेक कोण ओढत होता?”

तेलाचा हिशेब वहिनींनी ठेवला. निघताना टाकी काठोकाठ भरली होती. परत येऊन त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरली. किलोमीटरांना लिटरांनी भागले की भरल्या गाडीचा खरा हिशेब मिळतो. तो माहितीपत्रकापेक्षा बराच कमी आला. पण इतका लहान फेरा, त्यात दोनदा चढ, म्हणून त्यावरच निकाल देणे अन्यायाचे होईल असे मी म्हटले. वहिनींनी मग आपली वही काढली. गेल्या वर्षी भाड्याच्या टेम्पोने किती फेऱ्या झाल्या, त्यांतील पूर्ण टनाच्या किती, हे तीत लिहिलेले होते. बहुतेक फेऱ्या सदर बाजार व गांधीनगरच्या, म्हणजे जवळच्या आणि अर्ध्या भाराच्या. अशा थांबत-थांबत चालण्याला पेट्रोलची गाडी शोभते. रोज भरल्या गाडीने जयपूर गाठावयाचे असते, तर माझे मत डिझेलकडे गेले असते.

अण्णा त्याच दिवशी बयाणा देण्यास निघाले होते. वहिनींनी तो पदराच्या गाठीतून सोडला नाही. हँडब्रेक दुरुस्त करून गाडी पुढच्या रविवारी पुन्हा आणावी, गठ्ठे तेच राहतील आणि चढही तोच राहील, असे विक्रेत्याच्या माणसाला सांगून त्यांनी हमालांना माल उतरविण्यास लावले.