कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करतं... बरं मग?

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या धड्यांतून कुत्र्या-मांजरांना एकदाचं हाकलून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. (प्राणिमित्रांनी रागावू नये, पुढे वाचावं.)

नोकरी सांभाळून, रात्री जेवणं आटोपल्यावर आपलं आपण प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या कोणालाही विचारा. व्हेरिएबल, लूप, फंक्शन इथवर गाडी बरी चालते. मग येतो 'क्लास'चा धडा. 'ॲनिमल' नावाचा क्लास, त्याच्यापासून 'डॉग' आणि 'कॅट'. एक भुंकतो, दुसरी म्याव करते. की लगेच चार खांब: एनकॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. प्रत्येकाची दोन ओळींची व्याख्या. संपला धडा!

आता मला सांगा, 'भो भो' छापायला प्रिंटची एक ओळ पुरते. त्यासाठी तीन क्लास कशाला? हा प्रश्न शिकणाऱ्याला पडतो आणि तो अगदी रास्त असतो. पण उत्तर द्यायला समोर कोणी नसतं. मग तो समजतो की आपलंच डोकं कमी. माझ्या मावसबहिणीने पायथन इथेच सोडलं. "हे आपलं काम नाही गं," म्हणाली. घरच्या दुकानाचा सगळा हिशोब तोंडपाठ असणारी बाई! माझा राग आहे तो यावर.

खरं तर ही कल्पना निघाली गरजेतून. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी १९६७ साली सिम्युला ६७ ही भाषा मांडली. त्यांना खऱ्या जगातल्या रांगा, वाहतूक, कारखाने यांची नक्कल कम्प्युटरवर करायची होती. त्यांच्यासमोरचं एक उदाहरण होतं पुलावरच्या टोल नाक्याचं. रांगेत ट्रकही आहेत, बसही आहेत. दोघांचे गुण वेगळे, पण रांगेत उभं राहणं सारखं. ते सारखं तेवढं एकदाच कसं लिहायचं? इनहेरिटन्स या असल्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपण मात्र प्रश्न गाळतो आणि उत्तर पाठ करायला देतो.

त्यापेक्षा हाऊसिंग सोसायटीचा हिशोब घ्या ना. नावांची एक यादी, थकबाकीची दुसरी. नावं अकारविल्हे लावली की थकबाकी राहते जागच्या जागी, आणि कुलकर्ण्यांची बाकी जोश्यांच्या माथी! म्हणजे नाव आणि बाकी एकत्र हवं. बरं, व्याजाचा हिशोब बिलात आहे, नोटिशीत आहे, वार्षिक पत्रकातही आहे. दर बदलला की तिन्हीकडे शोधत फिरा. म्हणजे व्याज काढण्याची रीतही सभासदापाशीच हवी, आणि पावती फाडल्याशिवाय बाकीला कोणी हात लावता कामा नये. झालं की एनकॅप्सुलेशन! फ्लॅट आणि दुकानाचा गाळा यांची आकारणी वेगळी, पण दोघांनाही एकच विचारायचं, "तुझं बिल किती?" ज्याने त्याने आपापल्या नियमाने सांगावं. हेच पॉलिमॉर्फिझम. व्याख्या आता वाचा, आपोआप कळेल.

कोणी म्हणेल, नवख्यांना सोपंच उदाहरण द्यायला हवं, आणि मुलाखतीत व्याख्याच तर विचारतात. विचारतात, खरंय. पण सोपं वेगळं आणि पोकळ वेगळं. शिवाय प्राण्यांच्या उदाहरणामुळे इनहेरिटन्स हाच सगळ्याचा राजा वाटू लागतो. १९९४ सालच्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकाच्या चार लेखकांनी तर, शक्य तिथे वारसा घेण्यापेक्षा वस्तू एकमेकींत जोडून काम भागवा, असा सल्ला दिला होता. २००९ साली जाहीर झालेल्या 'गो' भाषेत तर क्लासच नाहीत!

तेव्हा आपलं आपण शिकणाऱ्या मंडळींनो, क्लासचा धडा कळला नाही तर खुशाल पुढे जा. याद्या आणि फंक्शन वापरून स्वतःच्या उपयोगाचं काहीतरी लिहा. दुकानाची उधारी, भिशी, काहीही. दोनशे ओळी झाल्या आणि एका जागी बदल केला की तीन जागी मोडायला लागलं, की मग त्या धड्याकडे या. तेव्हा गरज तुमची असेल.

आणि शिकवणाऱ्यांनो, आधी रांग दाखवा, मग क्लास. कुत्र्याला झोपू द्या बिचाऱ्याला.