दुकानाची पाटी आणि माळ्यावरचे दप्तर

आमच्या पेठेतील एक जुने दुकान आता पाडले जाणार आहे. त्याच्या भिंतींनी राज्याची तीन नावे पाहिली: मुंबई, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर आणि १९७३ पासून कर्नाटक. आजोबांची खतावणी मोडीत, वडिलांची बाळबोधीत, नातवाची बिले इंग्रजीत. पाटीवर ६० टक्के कन्नड हवे, असा कायदा २०२४ मध्ये आला. पाटीसाठी आपण भांडतो, ते योग्यच. पण माळ्यावरची खरेदीखते व कीर्द-खतावण्या रद्दीत जातात, तेव्हा गप्प का बसतो? पाटी सरकारी हुकमाने बदलते. दप्तर मात्र आपल्याच हाताने जाते. गावाचा व्यवहार कोणत्या भाषेत चालला, याची साक्ष त्यातच आहे. व्यापारी बंधूंनो, पाडकामापूर्वी माळा तपासा आणि दप्तर गावच्या वाचनालयात आणून द्या.