शपथेनंतरचे पहिले वर्ष

परिचर्या महाविद्यालयांत दीपप्रज्वलनाचा सोहळा होतो. पांढऱ्या गणवेशातील मुली हाती दिवा घेऊन रांगेने उभ्या राहतात, रुग्णसेवेची शपथ घेतात, समोर बसलेल्या आईवडिलांचे डोळे पाणावतात. प्रमुख पाहुणे सेवेच्या भारतीय परंपरेवर बोलतात. यथावकाश तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा होतो, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि नेमणुकीचे पत्र घेऊन ती मुलगी एखाद्या रुग्णालयाच्या अधिसेविकेसमोर उभी राहते. तिथून पुढच्या बारा महिन्यांविषयी मात्र कोणताही पाहुणा कधी बोलत नाही.

नवी परिचारिका या व्यवसायात टिकणार, गावात राहणार, परदेशी जाणार की विवाहाचे निमित्त करून घरी बसणार, हे बहुधा याच बारा महिन्यांत ठरते. अमेरिकेतील अभ्यासक मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्येच या विषयावर ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ नावाचे पुस्तक लिहिले. वर्गात शिकवली जाणारी परिचर्या आणि वॉर्डात प्रत्यक्ष चालणारी परिचर्या यांतील अंतराचा धक्का नव्या मुलींना व्यवसायाबाहेर लोटतो, अशी त्यांची मांडणी होती. दहा वर्षांनी पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंतच्या पाच पायऱ्या सांगितल्या. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे काढल्यावर परिचारिका स्वतःच्या बळावर काम हाताळू लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे निष्कर्ष परक्या देशातले असले, तरी कोणत्याही अनुभवी परिसेविकेला विचारावे; ती वेगळे काही सांगणार नाही.

आपल्याकडे या दोन-तीन वर्षांची उसंत नवागतेला कोण देतो? भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक, इतर सर्वसाधारण रुग्णालयांत पाच खाटांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात तीस-चाळीस रुग्णांच्या वॉर्डात रात्री एक किंवा दोन परिचारिका, हे चित्र शासकीय रुग्णालयांत कोणालाही पाहता येते. लहान खासगी रुग्णालयांत तर नोकरीला लागून महिना होण्याच्या आतच नव्या मुलीला रात्रपाळीत एकटीने वॉर्ड सांभाळावा लागतो.

त्या रात्रीचा विचार बाहेरच्या माणसाने कधी केलेला नसतो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पंचसूत्री तिला पाठ असते. परंतु फोनवरून झोपाळू आवाजात आलेली तोंडी सूचना तिने लिहून घ्यायची की नाही? एकसारख्या दिसणाऱ्या दोन कुप्यांपैकी हाती कोणती आली आहे? पोटॅशियम क्लोराईडची कुपी सलाईनमध्ये पुरेशी पातळ करून सावकाश द्यावी लागते. तीच थेट शिरेत वेगाने टोचली गेली तर हृदय बंद पडू शकते. हे पुस्तकात लिहिलेले असते. पण एका खाटेवरचा म्हातारा धापा टाकत असताना, दुसरीकडचे सलाईन संपत आलेले असताना आणि तिसऱ्याचे नातेवाईक ‘ओ सिस्टर’ म्हणून ओरडत असताना पुस्तक आठवावे लागते. रात्री दोन वाजता शंका आली, तर तिने विचारायचे कोणाला, हा खरा प्रश्न आहे. शेजारच्या वॉर्डात तिच्याइतकीच नवी दुसरी मुलगी असते. डॉक्टरांना उठवले तर ‘एवढेही कळत नाही का’ हे ऐकावे लागते. एकदा-दोनदा असे ऐकून घेतलेली मुलगी तिसऱ्यांदा विचारीत नाही, आणि रुग्णाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका तिथे सुरू होतो.

विचारणाऱ्याला हिणवणे ही रुग्णालयांची जुनी खोड आहे. ज्येष्ठ परिचारिकाही तिच्यातून सुटलेल्या नाहीत. ‘आम्हीही असेच शिकलो’ हे वाक्य वॉर्डावॉर्डांत मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. असे शिकताना किती रुग्णांना त्याची किंमत द्यावी लागली, याची नोंद कुठल्याही वहीत सापडणार नाही.

उत्तरदायित्वाची वाटणी कशी होते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. त्या वर्षी ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला आग लागून दहा बालके दगावली, आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात अकरा रुग्णांचा बळी गेला. कर्तव्यात कसूर झाली असेल तर चौकशी व्हायलाच हवी, त्याविषयी दुमत नाही. परंतु भंडाऱ्यात सेवा समाप्त झालेल्यांत कंत्राटी परिचारिका होत्या आणि अहमदनगरला अटक झालेल्या चौघांपैकी तिघी परिचारिका होत्या. इमारतीतील विजेच्या तारा, अग्निशमनाची व्यवस्था, तिची तपासणी यांपैकी काहीही परिचारिकेच्या अखत्यारीत नसते. नव्या मुलींनी त्या बातम्यांतून जो बोध घ्यायचा तो घेतलाच.

आता वेतनाविषयी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीची दखल घेऊन केंद्र शासनाला समिती नेमण्यास सांगितले. समितीच्या शिफारशी स्पष्ट होत्या: दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन, शंभर ते दोनशे खाटा असतील तर त्याहून फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, म्हणजे हिशोब अवघड नाही. केरळात परिचारिकांच्या संघटनांनी आंदोलनाचा रेटा लावल्यावर २०१८ मध्ये तेथील शासनाने किमान वेतनाची अधिसूचना काढली. महाराष्ट्रात अनेक खासगी रुग्णालयांत नव्या परिचारिकेच्या हाती पडणारी रक्कम आजही त्या वीस हजारांच्या खाली असते. तीही कधी बारा तासांच्या ड्युटीबद्दल, कधी मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या कपाटात अडकवून ठेवून. शासकीय सेवेत कायम नेमणूक मिळाली तर भाग्य, एरवी कंत्राट. याच अस्थिरतेच्या भीतीने, बाह्ययंत्रणेमार्फत होणाऱ्या भरतीविरोधात २०२२ च्या मे महिन्यात राज्यातील शासकीय परिचारिकांना संपावर जावे लागले होते.

या वेतनाचे समर्थन करताना एक शब्द हमखास पुढे येतो, तो म्हणजे ‘सेवा’. नफ्यासाठी चालणाऱ्या रुग्णालयांनी तो वापरला तर त्यातील ढोंग चटकन लक्षात येते. अवघड प्रश्न सेवाभावी न्यासांच्या रुग्णालयांचा आहे. तिथले विश्वस्त सचोटीचे असतात, स्वतः एक पैसाही घेत नाहीत, गरिबाकडून कमी शुल्क घ्यावे अशी त्यांची प्रामाणिक तळमळ असते. परंतु ते कमी शुल्क भागवले जाते कोठून? बऱ्याचदा परिचारिकेच्या वेतनातून. विश्वस्त निवृत्तिवेतन किंवा स्वतःचा व्यवसाय पाठीशी ठेवून सेवा करतो; वॉर्डातली बावीस वर्षांची मुलगी शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आणि धाकट्या भावाची फी डोक्यावर घेऊन सेवा करते. दोघांच्या त्यागाला एकाच मापाने मोजणे हा अन्याय आहे. ज्याने स्वेच्छेने दिले त्याचे ते दान. जिच्याकडून कापून घेतले तिचे दान म्हणता येत नाही.

ही मुलगी येते कुठून, हेही पाहिले पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यातील, खानदेशातील, कोकणातील खेड्यांतून, अल्पभूधारक व कष्टकरी कुटुंबांतून आलेल्या अनेक मुली आज परिचर्येच्या वर्गांत आहेत. घरातली पहिली पगारदार स्त्री तीच असते. शहरी मध्यमवर्गाने आपल्या मुली अभियांत्रिकीला, वैद्यकीला, संगणकाच्या क्षेत्रात पाठवल्या. परिचर्येला पाठवताना त्याचा पाय अडखळतो. आजारपणात परिचारिकेचे गोडवे गाणाऱ्या घरातच स्थळ पाहताना ‘नर्स आहे, रात्रपाळ्या असतात’ असे खालच्या आवाजात म्हटले जाते. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले आणि पुढे संस्थेतील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी धाडले, तेव्हा परक्या पुरुषाची शुश्रूषा आणि विटाळ यांवरून समाजात कोण गहजब होता! विटाळाची भाषा गेली, रात्रपाळीची आली. याउलट केरळातील कुटुंबांनी, विशेषतः तेथील ख्रिस्ती कुटुंबांनी, हा व्यवसाय मुलीच्या आयुष्याचा पाया म्हणून उघडपणे स्वीकारला. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतील वॉर्ड कैक दशके मल्याळी भगिनींनी सांभाळले, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

रात्रपाळीची भीती निराधार आहे असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्या आवारातच, त्या तळघरात कपडे बदलण्यासाठी गेल्या असताना, पाशवी हल्ला झाला. १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. प्रशंसा उचितच होती. पण सेवेच्या या अद्भुत कथेपुढे तळघरातल्या त्या खोलीचा मुद्दा मागे पडू नये. परिचारिकांना कपडे बदलण्यासाठी कडी लागणारी, उजेड असलेली खोली आहे का, रात्री उशिरा ड्युटी संपल्यावर घरी सोडायला वाहन आहे का, असे आपल्या गावातील रुग्णालयाला आजही विचारून पाहावे. रुग्णालयांतील हिंसेविरुद्ध राज्याने २०१० मध्ये कायदा केला. कायद्याने कडी लागत नाही.

मग मुली बाहेर पडतात. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. नव्या मुली आता ड्युटीनंतर जर्मन भाषेच्या वर्गाला जातात. त्यांना दोष देणाऱ्यांनी २०१४ आठवावे. इराकमधील तिक्रित येथे युद्धात अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिकांची त्या वर्षी जुलैत सुटका झाली, तेव्हा जिवावरच्या संकटातून परतलेल्या या मुलींपुढे पहिला प्रश्न घरच्या कर्जाचा होता. देशप्रेमाचा उपदेश ज्याला करायचा असेल, त्याने आधी त्या कर्जाचे आकडे पाहावेत.

अनुभवी परिचारिका गमावण्याची किंमत काय, हे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीवरून कळते. कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले तेव्हा प्रसूतिपूर्व वॉर्डात ड्युटीवर असलेल्या अंजली कुलथे यांनी दरवाजे बंद करून वीस गर्भवतींना एका लहानशा खोलीत हलवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्यावर तिला जिन्यावरून भिंतीच्या आधाराने प्रसूतिगृहात नेले. पुढे त्यांनी कसाबविरुद्ध साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ते सारे कथन केले. असे धैर्य एका रात्रीत येत नाही. त्यामागे अनेक वर्षांच्या ड्युट्या असतात, आणि त्या वर्षांना कुठेतरी पहिले वर्ष असते.

शासन आपल्या परीने काही करीत आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नव्या परिचर्या महाविद्यालयांची घोषणा झाली. त्याच वर्षी संसदेने १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला. शिक्षणाचा दर्जा आणि संस्थांची तपासणी हा त्याचा गाभा आहे, आणि शेजारच्या मध्य प्रदेशात परिचर्या महाविद्यालयांच्या तपासणीतच लाचखोरी उघड होऊन २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाला स्वतःचेच अधिकारी पकडावे लागले, हे पाहता त्याची निकडही आहे. परंतु महाविद्यालयाच्या दारातून बाहेर पडून वॉर्डात शिरलेल्या मुलीचा हात धरण्याचे काम दिल्लीतून होणार नाही.

ते काम रुग्णालयातच होऊ शकते, आणि त्याला मोठा निधीही लागत नाही. पहिले तीन महिने नव्या परिचारिकेला एकटीने रात्रपाळी न देणे. तिच्या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी एका अनुभवी परिचारिकेची नावानिशी नेमणूक करणे आणि त्या परिचारिकेचे इतर काम तेवढ्या प्रमाणात कमी करणे. तोंडी सूचना दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सहीनिशी कायम करणे. पाळी बदलताना खाटेपाशी उभे राहून रुग्ण सोपवणे. ज्या न्यासांच्या विश्वस्त मंडळांवर समाजकार्यात मुरलेली माणसे आहेत, त्यांना यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. अंदाजपत्रकात उपकरणे, इमारतीची रंगरंगोटी, देणगीदारांच्या नावाचे फलक यांसाठी स्वतंत्र रकाने असतात. नव्या परिचारिकांच्या पहिल्या वर्षाचा रकाना येत्या मार्चमध्ये कोणते मंडळ प्रथम घालते, ते पाहायचे आहे.